अस्थेनिया : केसपेपरवरचा हा शब्द आला कुठून आणि सांगतो काय?

पूर्वभाग

दवाखान्यातून घरी सोडताना जो कागद हातात देतात, त्यावर 'अस्थेनिया' हा शब्द वरचेवर दिसतो. कधी नुसता, तर कधी मागे 'जनरलाइज्ड' लावून. कागद घरी आला की शेजारपाजारचे वाचतात, कुणीतरी मोबाईलवर शोधतो, 'मायस्थेनिया', 'न्यूरस्थेनिया' अशी आणखी भारदस्त नावं पुढं येतात आणि घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. आमच्या गल्लीतल्या काकूंच्या घरी हेच झालं. सूनबाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या, "सर, हा कुठला आजार?" मी डॉक्टर नाही. संस्कृत आणि मराठी शिकवण्यात नोकरी गेली. पण शब्दापुरतं सांगू शकतो आणि तेवढ्यानेही बरीच भीती कमी होते, म्हणून हा धागा.

अस्थेनिया हे आजाराचं नाव नाही. काकू डॉक्टरांना म्हणाल्या, "अंगात त्राण नाही." डॉक्टरांनी तीच तक्रार ग्रीक शब्दात नोंदवली. ताप लिहितात, खोकला लिहितात, तसाच हा. ताप कशाने आला हे जसं पुढं शोधावं लागतं, तसंच अस्थेनिया कशाने आला हेही पुढं शोधायचं असतं. ते शोधलं का, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.

आता शब्द. मूळ ग्रीक 'अस्थेनेइया'. त्याची फोड 'अ' अधिक 'स्थेनोस'. स्थेनोस म्हणजे बळ, जोर. आणि हा 'अ' परका नाही. अशक्त, अबल, अरुची यांतला नकाराचा 'अ' आणि ग्रीकांचा 'अ' हे एकाच मुळातून आलेले. पुढं स्वर आला की आपल्याकडे त्याचा 'अन्' होतो (अनादर, अनंत), ग्रीकमध्येही तसंच होतं. 'अनिमिया' हा असाच शब्द, 'अन्' म्हणजे नसणं आणि 'हैमा' म्हणजे रक्त. तेव्हा 'अशक्ती' आणि 'अस्थेनिया' यांची बांधणी तंतोतंत सारखी आहे. सूनबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला.

'स्थेनोस' आपल्या ओळखीच्या नावांतही आहे. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस, म्हणजे 'लोकांचं बळ' असलेला. पृथ्वीचा परीघ मोजणारा एरातोस्थेनिस. आणि मुलं जिममध्ये जे 'कॅलिस्थेनिक्स' करतात ते 'कॅलोस' (सौंदर्य) आणि 'स्थेनोस' मिळून झालेलं. आजच्या ग्रीसमध्ये तर 'अस्थेनिस' म्हणजे सरळ रुग्ण, आणि रुग्णवाहिकेला म्हणतात 'अस्थेनोफोरो'.

वैद्यकात हा शब्द गाजवला तो स्कॉटलंडच्या जॉन ब्राउन या डॉक्टरने. जन्म १७३५, मृत्यू १७८८. १७८० साली त्याने लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि यच्चयावत रोगांची दोनच गटांत वाटणी करून टाकली. शरीराला चेतना जास्त झाली तर 'स्थेनिक', कमी पडली तर 'अस्थेनिक'. त्याच्या मते बहुतेक रोग दुसऱ्या गटातले. मग उपचार काय? चेतना वाढवा! मांसाहार, वाईन आणि अफू. तोपर्यंत डॉक्टरांचा भर रक्त काढण्यावर आणि जुलाब देण्यावर असायचा, त्यामुळं लोकांना हे पटलं. जर्मनी आणि इटलीत त्याचे अनुयायी झाले. पुढं ही दोन गटांची कल्पना मोडीत निघाली, पण शब्द राहिला. मला यातली ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही वाटते की एकदा 'अशक्तपणा' हेच रोगाचं नाव मानलं की औषध म्हणून 'ताकद' द्यायची एवढंच उरतं, आणि मूळ कारण शोधायचं राहून जातं.

सोलापुरात एका रांगेत चार भाषांचे पेशंट बसतात. तुमच्या घरी अंगातलं बळ गेलं की काय म्हणतात, तेही लिहा.

मालदांडी

सर, छान लिहिलंय. मला आपलं वाटायचं अस्थेनिया म्हणजे 'अस्थी'शी काहीतरी असणार. हाडं कमजोर झालेत असं. आमच्यात दोघंतिघं असंच समजून कॅल्शियमच्या गोळ्या खाऊ लालेत.

पूर्वभाग

@मालदांडी, कानाला तसं वाटणं साहजिक आहे, पण संबंध नाही. आपल्या 'अस्थि'चा ग्रीक भाऊबंद वेगळा, तो 'ऑस्टेऑन'. ऑस्टिओपोरोसिस, ऑस्टिओआर्थरायटिस यांत आहे तो. हाडांचं दुखणं असेल तर कागदावर 'ऑस्टिओ' दिसेल. 'अस्थमा'ही निराळा, तो ग्रीकमध्ये धाप लागण्याचा शब्द. तेव्हा केवळ या शब्दावरून कॅल्शियम घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

डॉ. सातरस्ता

सरांनी शब्द उलगडला, मी दवाखान्यातली बाजू सांगतो. कारण आमच्या दृष्टीनं 'वीकनेस' हा सगळ्यात अवघड शब्द आहे. ओपीडीत निम्मी माणसं तोच घेऊन येतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो.

मुख्य फरक दोन गोष्टींचा. एक, स्नायूचं बळ खरोखर गेलंय. हात वर होत नाही, जिना चढताना मांडी उचलत नाही, चप्पल पायातून निसटते. दोन, स्नायू तपासला तर ठीक आहे, पण माणूस म्हणतो दोन पावलं चाललो की बसावं वाटतं, आंघोळ केली तरी दमतो, सकाळी उठतानाच थकलेला असतो. सोलापूरकरांना मागाच्या भाषेत सांगतो. पट्टा तुटला तर मोटर कितीही फिरू दे, धोटा हलणार नाही. आणि लाईटच डिम आली तर माग धडधाकट असून रखडत चालतो. पट्टा तुटला त्याला आम्ही 'पॅरेसिस' म्हणतो, पूर्ण गेलं तर 'पॅरॅलिसिस'. लाईट डिम म्हणजे अस्थेनिया.

म्हणून तुम्ही 'वीकनेस आहे' म्हटलं की चांगला डॉक्टर आधी तुमचा हात दाबून बघतो, खुर्चीतून हात न टेकता उठायला लावतो. स्नायूच्या बळाला ० ते ५ अशी मोजणी आहे. ० म्हणजे काहीच हालचाल नाही, ३ म्हणजे नुसता हात वर उचलता येतो पण जरा विरोध केला की पडतो, ५ म्हणजे नेहमीसारखं. ५ पैकी ५ असूनही माणूस गळालेला असेल तेव्हा कागदावर अस्थेनिया येतो.

अस्थेनियाची कारणं भरपूर. रक्त कमी, थायरॉईड कमी, साखर वाढलेली, बी-बारा कमी, मूत्रपिंड, हृदय, टीबी, लपलेला कॅन्सर. डेंगी, चिकुनगुनिया, कोविडनंतर कित्येक आठवडे राहणारा थकवा. उदासीनतेचा आजारही, आणि तो खोटा नसतो. शिवाय औषधं! रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी काहींना असं होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात वयस्कर माणूस लघवीची गोळी घेत असतो, घाम जातो, जेवण कमी झालेलं असतं. सोडियम उतरतं. घरचे म्हणतात "उन्हानं वीकनेस आलाय" आणि माणूस हळूहळू असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी थांबायचं नाही.

आणि पहिल्या प्रकारात तर घाईच करायची. अचानक एका बाजूचा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं, बोबडं बोलायला लागला, तर तो पक्षाघाताचा झटका (स्ट्रोक) समजायचा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळं जिथं सीटी स्कॅनची सोय आहे तिथं थेट न्या. दोन्ही पायांतलं बळ एका-दोन दिवसांत खालून वर जायला लागलं तरी तसंच. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गुलियन बॅरी या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा सगळ्यांनी हे नाव ऐकलं. त्यात सुरुवातीला पेशंट 'वीकनेस आहे' एवढंच म्हणतो.

कुंभारीची लेक

डॉक्टर, सर, मी पहिल्यांदाच इथं लिहितेय. आमची आई विड्या वळायची. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू बोलतो. आईला मराठी समजायचं पण बोलायला अडखळायची.

आईला कायम थकवा. ती म्हणायची "नीरसंगा उंदि". आमच्या भाषेत याचा अर्थ अंगात बळ नाही. ती जायची त्या दवाखान्यात कंपाउंडर मराठी. त्यानं ऐकलं 'नीरस' आणि डॉक्टरला सांगितलं, "यांना कंटाळा येतोय म्हणतात." डॉक्टर हसले, म्हणाले मन रमवा. आणि एक बाटली लावली. दोनतीन दिवस आईला बरं वाटलं, मग पुन्हा तेच. असं लय दिवस चाललं. विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसायची आणि मध्येच भिंतीला टेकून डोळे मिटायची. आम्हा पोरींना वाटायचं झोप आली असेल. पान कापायची कात्री हातातच असायची.

शेवटी मी कामाला लागले तेव्हा दुसरीकडं नेलं. तिथल्या मॅडमनी खालची पापणी ओढून बघितली आणि तिथंच रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ६.८. मॅडमनी पाळीबद्दल विचारलं. आई माझ्याकडं बघायला लागली, कारण ते तिनं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. गर्भाशयात गाठी निघाल्या. त्यातून रक्त जायचं वर्षानुवर्षं. ऑपरेशन झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या. आता आई गड्ड्याच्या जत्रेत पूर्ण चालते. नातवंडं मागं राहतात.

मला राग बाटलीचा नाही ओ. तिनं खरं सांगितलं होतं, पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, आणि ते ऐकलंच गेलं नाही याचा आहे.

पूर्वभाग

@कुंभारीची लेक, ताई, तुम्ही जे लिहिलं त्यासाठीच हा धागा होता असं म्हणतो.

तुमच्या आईंचा शब्द चुकीचा तर नव्हताच, फार नेमका होता. 'नीरस' म्हणजे ज्यातून रस गेला आहे ते. आयुर्वेदात सात धातू सांगितले आहेत आणि त्यातला पहिला धातू 'रस'. त्यानंतरचा रक्त. तेलुगूने हा संस्कृत शब्द शरीरासाठी राखला. मराठीत तो व्याख्यानाला, पुस्तकाला, आयुष्याला लागतो, त्यामुळं कंपाउंडरच्या कानाला 'कंटाळा' ऐकू आला. शब्द एकच, दोन भाषांत दोन ठिकाणी जाऊन बसलेला, आणि मध्ये एका बाईचं रक्त जात राहिलं.

सोलापुरात तेलुगू आणि कन्नड रुग्ण हे काही पाहुणे नाहीत. निम्मं शहर त्यांच्या हातांनी उभं राहिलं. केसपेपर लिहिणाऱ्यांना या दोन भाषांतले दुखण्याचे पाचपन्नास शब्द यायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे.

सीमेवरचा

सर अगदी हेच कन्नडमध्ये होतं. आमच्याकडं (अक्कलकोटच्या पुढं) म्हणतात "सुस्त आगेद". म्हणजे फार दमलोय, अंगात काही राहिलं नाही. मराठी माणूस ऐकतो 'सुस्ती', म्हणजे आळस. माझ्या वडिलांना एकानं तोंडावर सांगितलं होतं, "मग जरा हिंडा-फिरा की, सुस्ती जाईल." वडिलांना शुगर निघाली नंतर. "मैयाग शक्ती इल्ल" असं म्हटलं तर मात्र कुणालाही कळतं.

पूर्वभाग

@सीमेवरचा, 'सुस्त' मूळचा फारसी. फारसीत त्याचा अर्थ ढिला, सैल, दुबळा असा सगळा. कन्नडने दुबळेपणा घेतला, मराठीने आळस. 'कमजोर' हाही फारसीच, जोर कमी तो कमजोर. 'ताकद' अरबीतून आला.

दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट ठळक दिसते. रुग्ण शरीराचं बोलला आणि ऐकणाऱ्याने स्वभावाचं ऐकलं. कंटाळा, आळस, सुस्ती, हे सगळे दोष लावणारे शब्द. थकलेल्या माणसाला, विशेषतः थकलेल्या बाईला, दोष लावायला आपण फार लवकर तयार होतो. त्यामानाने 'अस्थेनिया' स्वच्छ आहे. बळ नाही, एवढंच सांगतो. तुझं काही चुकलं असं सांगत नाही. म्हणून डॉक्टरांनी तो लिहूच नये असं मी म्हणणार नाही. लिहावा, पण शेजारी रुग्णाचं वाक्य त्याच्याच भाषेत, देवनागरीत का होईना, लिहावं. पुढच्या डॉक्टरला काहीतरी धागा मिळेल.

मालदांडी

सर, पण आपल्या जुन्या वैद्यकात यासाठी शब्द नव्हता का? दौर्बल्य म्हणतात ना?

पूर्वभाग

होता, आणि एकाहून जास्त होते. दौर्बल्य हा मोठा, सर्वसाधारण शब्द. पण सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 'क्लम' म्हणून एक शब्द येतो आणि त्याची व्याख्या वाचली की थक्क व्हायला होतं. कष्ट न करताच देहात वाढणारा श्रम, ज्यात धाप लागत नाही, आणि जो इंद्रियांना आपापल्या विषयांपर्यंत नीट पोचू देत नाही, तो क्लम. डॉक्टरांनी वर सांगितलेला दुसरा प्रकार हाच नव्हे का? काम करून आलेला तो 'श्रम', न करता आलेला तो 'क्लम'. त्यामुळं पारिभाषिक शब्द कुणी मला विचारला तर अस्थेनियासाठी मी दौर्बल्यापेक्षा क्लम सुचवेन. 'क्लांत' हा त्याचाच भाऊ मराठीत कवितेपुरता का होईना शिल्लक आहे.

बळाच्या बाबतीत चरकाने तीन प्रकार केले आहेत. जन्मतः येणारं सहज, वयाने आणि ऋतूने येणारं कालज, आणि आहार-व्यायामाने कमावलेलं युक्तिकृत. उन्हाळ्यात बळ उतरतं हे त्यात गृहीतच आहे.

जाता जाता, इंग्रजीतला 'डेबिलिटी' लॅटिन 'डेबिलिस'वरून आला. त्यातला 'बिल' आणि आपला 'बल' एकाच मुळाचे असावेत असं बरेच भाषाभ्यासक मानतात. म्हणजे जुन्या केसपेपरवर 'डेबिलिटी' असायचं तेव्हाही बळाचीच गोष्ट चालली होती.

औषधवाला

काउंटरच्या मागून लिहितो. दिवसातून कितीतरी वेळा ऐकतो, "ताकदीची बाटली द्या", "ताकदीचं लाल इंजेक्शन द्या".

बाटलीत काय असतं ते लोकांना कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० कॅलरीसुद्धा नाहीत. एका जाड ज्वारीच्या भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे, वर शेंगाचटणी तेल घालून घेतली तर विचारूच नका. उलट्या-जुलाबाने पाणी गेलं असेल, माणूस तोंडाने घेऊ शकत नसेल, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते, त्यात शंका नाही. पण रक्त कमी असेल तर सलाईनने रक्त वाढत नाही. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर उलट पाणी साठून त्रास होतो.

लाल इंजेक्शन म्हणजे बी-बारा. त्याचा रंगच लाल आहे, त्यामुळं ते रक्त वाढवतं असं लोकांना वाटतं. ज्याला बी-बारा कमी आहे त्याला नक्कीच उपयोग. लोह कमी असेल तर त्यानं लोह वाढत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. त्यामुळं बाई 'वीकनेस' म्हणाली की मी तरी आधी विचारतो, रक्त तपासलं का? गोळी विकायच्या आधी.

तिसऱ्या वर्षाला

इथं मेडिकलला शिकतेय, तिसरं वर्ष. मायस्थेनियाबद्दल लिहू का? कारण सरांनी म्हटलंय तसं लोक अस्थेनिया शोधायला जातात आणि मायस्थेनियावर पोचतात, आणि हे दोन फार वेगळे आहेत.

'मायस्थेनिया ग्रॅव्हिस' हा खरोखरचा आजार आहे. 'मिस' म्हणजे ग्रीकमध्ये स्नायू, आणि उंदीरही! आपला 'मूषक' त्याच मुळाचा. लॅटिनमध्ये तर स्नायूला 'मुस्कुलुस', म्हणजे छोटा उंदीरच म्हणतात. दंड फुगवला की कातडीखाली जे पळतं ते बघून ठेवलं असणार. 'ग्रॅव्हिस' म्हणजे जड, गंभीर, आणि आपला 'गुरु' त्याचा नातेवाईक. आमच्या लेक्चरला हे सांगत नाहीत, मी स्वतः शोधलं, आणि तेव्हापासून नाव विसरले नाही.

यात नस ते स्नायू निरोप जातो तिथंच अडथळा असतो. बहुतेक पेशंटमध्ये शरीराचीच प्रतिद्रव्यं निरोप घेणाऱ्या जागांवर जाऊन बसतात. म्हणून सकाळी बरं असतं, वापरलं की बळ संपतं, आराम केला की परत येतं. संध्याकाळी पापण्या मिटायला लागतात, एकाचे दोन दिसतात, घास चावताना जबडा थकतो. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६७२ मध्ये अशाच एका बाईचं वर्णन केलंय, बोलत राहिलं की तिचा आवाजच जायचा. फ्रीडरिश योली या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये नाव दिलं. १९३४ मध्ये लंडनमध्ये मेरी वॉकर यांनी एक इंजेक्शन देऊन बघितलं आणि काही वेळात पेशंटच्या पापण्या उघडल्या. आज यावर चांगले उपचार आहेत, फक्त ओळखायला हवा.

तर कागदावर नुसता 'अस्थेनिया' असेल तर मायस्थेनिया समजून घाबरायचं नाही. पण पापणी पडणं, दोन दिसणं, गिळताना ठसका, हे असेल तर डॉक्टरांना जरूर सांगायचं.

डॉ. सातरस्ता

@तिसऱ्या वर्षाला, शाब्बास. एक जोड. गिळायला आणि श्वासाला त्रास झाला तर थांबायचं नाही, लगेच दाखल करायचं.

पार्क मैदान

आणि न्यूरस्थेनिया? माझ्या आजोबांच्या जुन्या कागदांत हा शब्द आहे. घरात कुणीच त्याबद्दल बोलत नाही.

डॉ. सातरस्ता

@पार्क मैदान, ते निदान एके काळी सर्रास व्हायचं. जॉर्ज मिलर बिअर्ड या अमेरिकन डॉक्टरने १८६९ मध्ये ते प्रचारात आणलं. कल्पना अशी की नसांमधली शक्तीच संपली. थकवा, झोप न येणं, डोकं जड, चित्त न लागणं, सगळं त्यात. आगगाड्या, तारायंत्र, धावपळ यांना त्याने कारण धरलं होतं. पुढं ते चीनमध्ये गेलं आणि तिथं फार रुजलं. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ज्या देशात १९४२ मध्ये देह ठेवला त्याच देशात नंतरची कित्येक दशकं लाखो लोकांना हे निदान मिळालं. कारण सरांनी वर लिहिलंय तेच. 'मनाचा आजार' म्हटलं की घराला डाग लागतो, 'नसांचा अशक्तपणा' म्हटलं की उपचार घेता येतात. आजच्या जागतिक आजार-यादीत, म्हणजे आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत, त्याला वेगळी जागा राहिलेली नाही. आजोबांना आज तपासलं असतं तर कदाचित उदासीनता किंवा चिंतेचा आजार म्हटलं असतं, कदाचित थायरॉईडही निघाला असता. घरात बोला त्यांच्याबद्दल. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पार्क मैदान

धन्यवाद डॉक्टर. आईला वाचून दाखवतो.

बार्शी लाईट

धागा शेवटपर्यंत वाचला. आमच्याकडं बार्शीत म्हणतात 'गळाठा आला', 'हातपाय गळाले', 'अवसान गेलं'. माझी आजी 'मरगळ' म्हणायची. सर, 'अवसान' आणि 'त्राण' हे संस्कृतच ना?

आणि एक. मुलीच्या डोळ्यांच्या कागदावर 'अस्थेनोपिया' लिहिलंय. ती दिवसभर कॉम्प्युटरवर भरतकामाचं डिझाईन करते. हा पण याच्यातलाच का?

पूर्वभाग

@बार्शी लाईट, दोन्ही संस्कृत, आणि दोन्हींनी मराठीत येऊन घर बदललं. 'त्राण' म्हणजे संस्कृतात रक्षण, शिरस्त्राणातला. मराठीत झालं बळ. 'अवसान' तर संस्कृतात शेवट, समाप्ती. मराठीत तेच बळ आणि धीर, इतकं की बळ नसताना आणतो त्याला 'उसनं अवसान' म्हणतो. तुमच्या आजींची 'मरगळ' मला फार आवडते. शरीर आणि मन दोन्ही त्यात येतं, आणि दोष कुणालाच लागत नाही.

अस्थेनोपिया त्याच घरातला. पुढं 'ऑप्स', म्हणजे ग्रीकमध्ये डोळा. डोळ्यांना ताण येणं, जड होणं, कपाळ दुखणं, एवढाच अर्थ. तोही तक्रारीचाच शब्द. नंबर बदलला का, डोळे कोरडे पडलेत का, दोन्ही डोळ्यांचा मेळ बसतोय का, हे डॉक्टरांनी पाहिलं असेल. कागदाच्या खालच्या भागात चष्म्याचा नंबर किंवा थेंबांचं नाव लिहिलंय का बघा. नसेल, तर परत जाऊन 'कशामुळे' हे विचारा.

बार्शी लाईट

नंबर लिहिलाय सर, अर्ध्याने वाढलाय. थेंब नाहीत. सोमवारी चष्मा मिळणार आहे.